खेळायला घेतेय

बुवापाडा, अंबरनाथ
३ ऑगस्ट २०२५

सम्या,

जय भीम. पत्र बघून हसू नकोस. रविवारी तुमचे मिलिटरी ट्रेनिंगवाले फोन देतात तो जरासाच. त्यातला अर्धा वेळ आई रडते आणि उरलेल्यात बाबा तुला छाती काढून चालायला सांगतात. माझा नंबर लागतो तेव्हा तू ‘ताई, चल ठेवतो’ बोलतोस. म्हणून कागद घेतला.

उल्हासनगरला तू ज्या रिपेअरिंगच्या दुकानात वर्षभर होतास, त्याच्या मागच्या गल्लीत गेमिंग पार्लर आहे बघ. मी आणि प्राची दर शनिवारी ड्युटी सुटली की तिथे जातो. प्राची म्हणजे पॅकिंग लाईनवर माझ्या शेजारी उभी राहते ती, बदलापूरची. तिथे मी आता बऱ्यापैकी खेळते. बऱ्यापैकी नाही, चांगली खेळते. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

गेल्या शनिवारी आमच्या टीममधले सगळे मेले, मी एकटी उरले. समोर तिघं. दोघांना उडवलं. तिसरा भिंतीमागे होता, त्याचे पाय मला ऐकू येत होते. आणि स्क्रीन काळी. वळून बघते तर एक पोरगा स्विचवर पाय ठेवून हसतोय. “सॉरी दीदी, पैर लग गया.” मालकाकडे गेले तर तो म्हणतो, “आप लोग दोपहर में आया करो ना. शाम को लड़के लोग रहते हैं.” पैसे मात्र पोरांएवढेच घेतो. प्राची माझा हात ओढत होती. मी त्याला सांगितलं, “अब आयेंगेही नहीं. अपना लेंगे.”

बोलून तर बसले. आता घेणारच. स्वतःचा डेस्कटॉप, खेळायचा. तीन वर्षं अर्धा पगार घरात देऊन जे साठलंय ते सगळं मिळून पन्नास हजार, स्क्रीन धरून. त्याच्या वर माझ्याकडे काही नाही. तू हे सामान रोज हातात घेतलंयस. सांग, काय घेऊ, आणि मला कुठे कापतील?

तुझी,
ताई

---

१२ ऑगस्ट

ताई,

जय भीम. तुझं पत्र आमच्या अख्ख्या बराकीने वाचलं. इथे पत्र कुणाचं का येईना, सगळ्यांचंच असतं. स्विचवर पाय ठेवणाऱ्याला काय करायचं यावर रात्रीच्या जेवणात चर्चा झाली. हरयाणाचा एकजण सुट्टीत उल्हासनगरला यायला तयार आहे.

आता माझं ऐक. पहिलं म्हणजे घरात ‘गेम’ हा शब्द काढू नकोस. बाबांना सांग, ग्राफिक डिझाईनचा कोर्स लावतेय, त्याला भारी मशीन लागते. कोर्स म्हटलं की ते गप्प बसतात. खरं तर लॅपटॉपच घे, कपाटात लपवता येतो. पण तू ऐकणार नाहीस.

नाहीच ऐकलंस तर सगळ्यात आधी पॉवर सप्लाय घे, म्हणजे ज्यातून सगळ्यांना करंट जातो तो डबा. लोक तो शेवटी घेतात, उरलेल्या पैशात, आणि मग बाकीचं सगळं जळतं. आपल्या बुवापाड्यात संध्याकाळी ट्यूबलाइट कशी लुकलुकते तुला माहीत आहे. तिथे कंजुषी नाही. प्रोसेसर सहा कोरचा, मागच्या पिढीतला चालेल. रॅम सोळा, पण आठ-आठच्या दोन स्टिक घे, एकच मोठी नको. सगळ्यात जास्त पैसे ग्राफिक्स कार्डात घाल, चित्रं तेच काढतं. कॅबिनेट म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. हवा खेळली की झालं. दिव्यांचे पंखे दाखवतील, त्याला भुलू नकोस. दिवे खेळत नाहीत, तू खेळतेस.

आणि दुकानात एकटी जाऊ नकोस. आनंदाला घेऊन जा. पोरगं सोबत असलं की नीट बोलतात.

सम्यक

---

बुवापाडा
२४ ऑगस्ट

सम्या,

तुझ्या मित्राला घेऊन गेले. आनंदाला कॉम्प्युटरचं चालू करायचं बटण सोडून काही माहीत नाही, तरी दुकानदार बोलणार त्याच्याशीच. मी विचारायचं आणि उत्तर आनंदाला मिळायचं. आनंदा बिचारा मान डोलावून डोलावून थकला.

एका ठिकाणी तयार मशीन दाखवली. काचेचं कॅबिनेट, इंद्रधनुष्यासारखे पंखे. “भाई, आय-सेव्हन है, फुल गेमिंग. मॅडम के लिए पिंक लाइट कर देंगे.” मी विचारलं, कितवी पिढी? तो आनंदाला बोलला, “आय-सेव्हन है ना.” मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तोंडातल्या तोंडात “थर्ड जनरेशन” बोलला. सम्या, तो प्रोसेसर आला तेव्हा मी पाचवीत होते. मी उठले. आनंदाला बाहेर चहा पाजला आणि सांगितलं, तू छान आहेस, पण पुढच्या वेळी मी एकटीच येणार.

आता घरचं. जेवताना बाबांना सांगितलं, कॉम्प्युटर घेतेय. “कशाला?” तुझा कोर्स अगदी जिभेवर आला होता. पण बोलले, “खेळायला.”

आईचा हात भाताच्या पातेल्यातच थांबला. तिने मला वाट काढून दिली, “कोर्ससाठी ना गं?” मी म्हटलं, “नाही आई. खेळायला घेतेय.”

बाबा म्हणाले, “तुझ्या वयाच्या पोरी संसाराला लागल्या. बिल्डिंगमध्ये विचारलं तर लोकांना काय सांगू?”

“सांगा, पोरगी खेळते.”

“माझ्या घरात ते येणार नाही.”

“येणार.”

बाबा ताट सारून उठले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर उभी असले तरी आईला सांगतात, “तिला सांग, पाणी आलंय.”

मी खोटं का नाही बोलले ते तुला सांगते. कोर्स सांगितला की सहा महिन्यांनी सर्टिफिकेट मागणार, मग नोकरी मागणार, आणि खेळताना दिसले की मी चोर. तू मंडळात कॅरम खेळायला जायचास तेव्हा कुठल्या कोर्सला जातोय म्हणून सांगायचास?

ताई

---

३ सप्टेंबर

ताई,

थांबव हे सगळं. आई फोनवर बोलली, घरात कोणी कोणाशी बोलत नाही. इथे माणूस कशातून जातो याची तुला कल्पना नाही आणि तू तिकडे एका खेळण्यासाठी बाबांशी भांडत बसली आहेस. पैसे बँकेत राहू दे. डिसेंबरात मी आलो की बघू काय करायचं ते. तोपर्यंत काही घ्यायचं नाही.

सम्यक

---

बुवापाडा
१३ सप्टेंबर

सम्यक,

‘डिसेंबरात मी आलो की बघू.’ तू कोण बघणार? तू चड्डीत होतास तेव्हा तुला शाळेत मी सोडायचे. पैसे माझे, बोटं माझी, खेळ माझा. तुला सल्ला विचारला होता, परवानगी नाही. बाबांना विचारली नाही ती तुला विचारीन होय?

आणि उशीर झाला. पॉवर सप्लाय घेतला. उल्हासनगरच्या कॅम्प चारला एका सिंधी काकांचं छोटं दुकान आहे. ते माझ्याकडे बघून माझ्याशीच बोलले. “बेटी, बजेट बता, झूठ मत बता.” मी खरं सांगितलं. त्यांनी प्रोसेसर आणि मदरबोर्ड सांगितला तो तुझ्या पत्राशी जुळला. रॅमही तेव्हाच घ्यायला लावली, म्हणाले भाव चढणार आहे. सगळं खाटेखाली ठेवलंय, आणि कुणापासून लपवलेलं नाही. बाबांच्या समोरून उचलून आणलं. ते पेपर वाचत होते.

आता राग बाजूला ठेवून विचारते. तुझं पत्र पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर खाली घसरत गेलंय, झोपून लिहिल्यासारखं. तू रविवारी व्हिडिओ लावत नाहीस, रेंज नाही म्हणतोस, पण आवाज तर स्वच्छ येतो. आणि मागून कुणीतरी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतं. बराकीत सिस्टर कुठून आली?

काय झालंय? मला सरळ सांग. मी तुला सरळ सांगितलं होतं.

ताई

---

२४ सप्टेंबर

ताई,

हॉस्पिटलात आहे. ऑगस्टच्या शेवटापासून. डाव्या नडगीच्या हाडाला चीर गेली आहे. पडलो वगैरे नाही. पळून पळून जाते म्हणतात, बऱ्याच जणांना होतं. दुखत होतं तरी मी बोललो नाही, दोन आठवडे तसाच पळालो, मग एका सकाळी पाय टेकवेना. तुझी पत्रं बराकीत येतात, तिथून सोबतचा पोरगा आणून देतो. ते रागाचं पत्र प्लास्टर घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं.

माझी बॅच पुढे गेली. डिसेंबरात मी येत नाही. साहेब चांगले आहेत, त्यांनी बसवून विचारलं, “घरी जायचं असेल तर मेडिकलवर सुटून जाता येईल. यात कमीपणा नाही. नाहीतर नव्या बॅचबरोबर परत पहिल्यापासून.” मी म्हटलं, पहिल्यापासून. ते म्हणाले, नीट विचार कर, दोन दिवसांनी सांग. दोन दिवसांनी पण तेच सांगितलं.

बाबांना कळवलं नाही. भरती झालो तेव्हा त्यांनी फॅक्टरीत अख्ख्या डिपार्टमेंटला पेढे वाटले, बुद्धविहारात माझा सत्कार करायला लावला. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू की पोराला पळता येईना? तू सांगू नकोस. विचारलं तर म्हण, रेंज नाही.

तुझा राग आला होता तो खेळाचा नव्हता. तू ताटावर बसून बापाला ‘मला पाहिजे’ म्हणालीस. मी इथे डॉक्टरला ‘दुखतंय’ म्हणू शकलो नाही.

कार्ड राहिलंय ना? नवीन परवडणार नाही, वापरलेलं घे. पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्याच मशीनवर गेम लावायला सांग आणि अर्धा तास उठू नकोस. स्क्रीनवर रेघा आल्या, ठिपके नाचले, पंखा खरखरला, तर सरळ नाही म्हण. स्क्रू उघडलेले आहेत का बघ. बिल माग. लाजू नकोस. मी हे लाजू नकोस कुणाला सांगतोय.

सम्या

---

बुवापाडा
१३ ऑक्टोबर

सम्या,

वेडा आहेस. पाय मोडून दोन आठवडे पळालास. भेटलास की दुसरा मी मोडते.

कार्ड घेतलं. बदलापूरच्या सोनिवलीत नव्या टॉवरमध्ये राजस म्हणून एक जण राहतात, त्यांनी विकायला काढलं होतं. प्राचीला बरोबर नेलं. बाळ झाल्यावर खेळणं सुटलं म्हणाले. मी अर्धा तास म्हटल्यावर ते हसले, पण मशीन लावून दिली. बाळ कडेवर घेऊन त्यांची बायको चैत्राली मागे उभी. “घेऊन जा गं, घरातून जाऊ दे एकदाचं,” म्हणत होती. दहा मिनिटांनी तिने बाळ नवऱ्याकडे दिलं आणि स्टूल ओढून बसली. “इथून उजवीकडे वळलं तर काय होतं?” मी माऊस तिच्या हातात दिला. तिने लगेच एकाला उडवलं. मग नवऱ्याकडे बघून बोलली, “तीन वर्षं घरात होतं, माझा कधी नंबरच लागला नाही.” राजसनी कार्ड काढून दिलं. बिल दिलं, बॉक्स दिला, आणि सांगितलेल्या भावातून थोडे कमी घेतले. बाईचा चेहरा काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पण कार्ड मी सोडलं नाही. ते माझं आहे.

पाच तारखेच्या रविवारी खाटेवर चादर पसरून मशीन बांधायला घेतली. तेवढ्यात तुझा फोन आला, परत बिनचेहऱ्याचा. फोन ठेवल्यावर बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दीड महिन्यानंतर माझ्याशी बोलले. “तुला त्याची पत्रं येतात. तो तोंड का दाखवत नाही?”

मी स्वतःहून सांगितलं नव्हतं, सम्या. पण समोर उभं राहून विचारल्यावर मी खोटं बोलणार नव्हते. सगळं सांगितलं. ते मटकन खाटेवर बसले, मदरबोर्डच्या रिकाम्या खोक्यावर. खोकं चपटं झालं तरी त्यांना कळलं नाही.

“आणि परत पहिल्यापासून पळणार म्हणतोय?”

“हो.”

“त्याला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. त्याला पाहिजे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चादरीवरच्या वायरींकडे. “दोघं सारखीच,” म्हणाले आणि उठून बाहेर गॅलरीत गेले. आता त्यांनी दिवाळीला जोडून रजा टाकली आहे. तुझ्याकडे येतायत. शिव्या घालायला की आणखी कशाला, मला माहीत नाही. तू तयार राहा.

मशीन पहिल्यांदा चालूच झाली नाही. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. रॅम काढून परत दाबली, काही नाही. आई म्हणाली, “बाई गं, गेले का पैसे?” दुपारभर खोलते, लावते. शेवटी बघते तर स्क्रीनची वायर कार्डात लावायची सोडून मी मदरबोर्डात लावली होती. बदलली. लागली! मी ओरडले तशी शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं शॉक लागला.

टेबल बाहेरच्या खोलीत ठेवलंय, दारासमोर. आत कोपऱ्यात ठेव, आई म्हणाली. मी नाही ठेवलं. कोण आलं की पहिलं तेच दिसतं. ‘कोर्स का?’ विचारतात. मी सांगते, खेळते. आता संध्याकाळी प्राची तिच्या घरून मोबाईलवर बोलत असते, मी इथून खेळते, आणि कोणाचा पाय स्विचवर पडत नाही. बाबा मागच्या खाटेवर पेपर उघडून बसतात, पान काही उलटत नाहीत. राग दाखवत असतील. दाखवू दे.

हाड जुळलं का? नीट लिही, झाकून नको.

ताई

---

२९ ऑक्टोबर

ताई,

बाबा येऊन गेले. तू सांगितलंस म्हणून दोन दिवस तुझ्यावर चिडलो होतो. आता नाही.

वॉर्डच्या दारात पिशवी घेऊन उभे होते. मला खाटेवर बसलेलं बघून पहिल्यांदा पायाकडे बघितलं. प्लास्टर निघालंय, पाय वाळलेल्या फांदीसारखा झालाय. मी पाठ करून ठेवलेलं बोलून टाकलं, “बाबा, घरी चल म्हणू नका.” ते म्हणाले, “मी कुठे म्हटलं?” पिशवीतून मोसंबी काढली, सोलली, मला अर्धी दिली आणि अर्धी शेजारच्या खाटेवरच्या काकांना. ते काका रिटायर्ड सुभेदार आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मग म्हणाले, “दुखलं की डॉक्टरला सांगायचं. पेढे वाटले ते मी वाटले. तू त्याच्यासाठी पाय मोडायचा नाही.” एवढंच. माझे डोळे भरले तर ते मोसंबीच्या साली गोळा करायला लागले.

दुपारी सुभेदार काकांनी विचारलं, मुलगी काय करते? मी कान टवकारले. मला वाटलं आता बाबा कोर्स सांगणार.

बाबा म्हणाले, “कंपनीत आहे. घरी आली की खेळते.”

“काय खेळते?”

“कॉम्प्युटरवर. स्वतः बांधलाय.”

काका म्हणाले, “ते पोरांचे खेळ ना? गोळ्याबिळ्या मारायचे.”

ताई, तू तिथे पाहिजे होतीस. बाबा खाटेवर सरसावून बसले. “गोळ्या कोणीही मारतो हो. परवा हिच्या टीममधले सगळे गेले, ही एकटी. समोर चौघं. दुसरा कोणी असता तर धावला असता. ही भिंतीला टेकून थांबली. हलली नाही. एकेक जण आला तसा घेतला. शेवटचा मागून येत होता, मला दिसत होता कोपऱ्यात. ओरडून सांगणार होतो, पण म्हटलं नको, तिचं तिला करू दे.” मग थांबले. काका म्हणाले, “मग?” बाबा म्हणाले, “मग काय. वळली आणि घेतला.” आणि वॉर्डभर बघितलं, बाकीच्यांनी ऐकलं की नाही.

तू लिहितेस ते राग दाखवतायत. ते पान उलटत नाहीत कारण ते पेपर वाचतच नाहीत, बये.

जाताना मला हळूच विचारलं, चांगला हेडफोन केवढ्याला येतो, तुझ्या गोळ्यांच्या आवाजात आईला मालिका ऐकू येत नाहीत म्हणून. मी दुकानाचं नाव सांगितलं. बघ, आणतील.

सोमवारपासून नवी बॅच. त्यातली पोरं माझ्याहून लहान आहेत, आत्ताच मला ‘चाचा’ म्हणायला लागली आहेत. आधी नुसतं चालायला लावणार, मग हळूहळू पळायला. ट्रेनिंग देणारे उस्ताद म्हणाले, महिनाभर तरी तू सगळ्यांच्या मागे राहणार, पोरं हसतील, तयारी आहे का?

मी म्हटलं, हसू दे सर. पोचेन.

सम्यक